कमळाचा पती, राहणार मालगुंड

फोन वेदिकाच्या पाठीखाली थरथरला आणि ती दचकली. दूध पिता पिता तिची मूठ घट्ट झाली, डोळे टक्क उघडले, आणि तिने ऋजुताकडे असं पाहिलं, जशी काही आईच आतून कुठेतरी हलली होती. ऋजुताने एका हाताने तिला छातीशी घेतलं आणि दुसऱ्या हाताने फोन ओढून काढला. शुभंकर, असं तिच्या मनात आलं. चार दिवस झाले होते. 'आता ह्या पट्ट्यात फोन लागायचा नाही, घाबरू नका, बातम्या बघत बसू नका,' एवढं बोलून तिच्या नवऱ्याने बोटीवरून फोन ठेवला होता, आणि तेव्हापासून घरात टीव्ही लागला नव्हता. लावू नका असं कोणी कोणाला म्हटलं नव्हतं. पण फोनवर शुभंकर नव्हता. मेल होती, इंग्रजीतली, लढाईत पडलेल्या शिपायांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कुठल्या परक्या देशातल्या कचेरीची. वेदिकाच्या डोक्यावरून वाकून तिने ती वाचली आणि वाचता वाचता तिचं आपसूक मराठी होत गेलं. शिपाई धोंडू राघो. इटली. मे १९४४. लढाईत ठार. वय पंचवीस. देहाचं दहन केलं, नाव स्मारकावर कोरलं आहे. राघोचा मुलगा. कमळाचा पती, राहणार मालगुंड, जिल्हा रत्नागिरी.

"सापडले," ती पुटपुटली. वेदिकाला वाटलं तिच्याशीच बोलते आहे; ती दूध सोडून हसली आणि दुधाची रेघ तिच्या हनुवटीवरून गळ्याच्या वळीत गेली. ऋजुताला खरोखरच आनंद झाला होता. बँकेत एखाद्या म्हाताऱ्याची सही जुनी आणि नवी जुळता जुळत नाही, काउंटरपलीकडे म्हातारा घामाघूम, आणि मग एकदम एका वळणावर दोन्ही सह्या एकमेकींना ओळखतात, तेव्हा होतो तसा. बाप जुळला, बायको जुळली, गाव जुळलं. कोणाला तरी हाक मारून सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि मागीलदारी पाण्याचा आवाज झाला. सासूबाई बांगडे धूत होत्या. धुताना त्या काहीतरी गुणगुणत, चाल नसलेलं, नुसतं हं हं हं, जसं मांजराशी बोलावं. ते हं हं ऐकलं आणि ऋजुताचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. आपण काय शोधून काढलं आहे, ते तिला त्या क्षणी दुसऱ्या बाजूने दिसलं.

धोंडूकाका म्हणजे तिच्या सासऱ्यांचे सख्खे काका. सासऱ्यांनीही त्यांना पाहिलेलं नाही. सासरे जन्मायच्या कितीतरी आधी काका लढाईवर गेले. मालगुंडच्या घरी पहिली बातमी आली ती 'बेपत्ता' अशी. बेपत्ता म्हणजे काय, हे कोणाला उमगेना. मेला म्हणावं तर मेला म्हणत नाहीत, आहे म्हणावं तर कुठे आहे ते सांगत नाहीत. तेव्हा असल्या पेचात कोकणातली माणसं करतात तेच घरच्यांनी केलं, गावच्या देवीला कौल लावला. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, माणूस असेल तर उजवी दे म्हणाला, आणि भावकी श्वास रोखून बसली. उजवी पाकळी पडली. विषय संपला. पुढे सरकारचा कोणी माणूस कसलासा कागद घेऊन दारात आला होता म्हणतात, पेन्शनचं काही होतं म्हणतात. पण कमळा, तेव्हा जेमतेम विशीची पोर, खळ्यात, अंगणातच उभी राहून त्याला म्हणाली, 'तुमचा कागद तुम्हांला, माझ्या देवीने उजवी दिलीय.' तो माणूस गेला. कमळाकाकीच्या हातातला हिरवा चुडा तिथून पुढे पन्नासएक वर्षं उतरला नाही.

मग घर रत्नागिरीला आलं, मांडवीच्या अंगाला, ह्या आळीत, जिथल्या निम्म्या पुरुषांचं अन्न बोटीवर शिजतं. आणि इथे कोणी न ठरवता एक रीत पडली. बोटीवर जाणाऱ्या माणसाच्या बायकोने, तो निघायच्या आदल्या संध्याकाळी, कमळाकाकीच्या हातून कुंकू लावून घ्यायचं. इतकी वर्षं जिचा माणूस वाटेवर आहे आणि तरी जिचं कुंकू ढळलं नाही, तिच्या हाताहून भक्कम हात कोणाचा? ऋजुताने काकीला पाहिलं नव्हतं, पण काकीचं बोलणं ह्या घरात भांड्यांसारखं रोज वापरात होतं. 'माझा नवरा पंचविशीचा आणि मी सत्तरीची,' काकी म्हणायची, 'आला तर पाया पडेल नि विचारील, आजी, कमळा कुठाय?' आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची. गेली तेव्हा बायकांनी तिला सवाष्णीसारखी नटवून, मळवट भरून, ओटी भरून पाठवली. त्यानंतर आळीतल्या बायका ऋजुताच्या सासूबाईंकडे, कुसुमबाईंकडे येऊ लागल्या. काकीच्या नावाने म्हणून त्या लावतात. ऋजुताच्याही कपाळावर लावलं होतं, शुभंकर निघाला त्याच्या आदल्या दिवशी. आणि ऋजुता, सात महिन्यांचं पोट घेऊन पाटावर नीट बसता येत नाही म्हणून, आणि हे सगळं जरा नाटकी वाटतं म्हणूनही, फिस्सकन हसली होती. कुसुमबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड सरळ केलं होतं. बोटांना कोकमाचा वास होता.

तिने हे उकरून का काढलं? दुपार सरत चालली होती, वेदिका पेंगुळली होती, आणि ऋजुता मांडी न हलवता स्वतःला विचारत होती. भाद्रपदात, महालयाच्या दिवशी, गेलेल्यांची पानं वाढत होते. सासरे एकेक नाव घेत, कुसुमबाई वाढत. आजोबा, आजी, काकी. ऋजुताने बाळंतिणीच्या खोलीतून, नुसतं बोलायचं म्हणून विचारलं होतं, 'आणि धोंडूकाका?' भाताचं उलथणं मध्येच थांबलं. 'ते आहेत,' कुसुमबाई म्हणाल्या. नुसतं आहेत. हिशेबाने शंभरी ओलांडलेला माणूस. ऋजुताने ओठ चावून हसू दाबलं होतं, पण तो शब्द तिच्या मागे लागला. वेदिकाला पाजताना एक हात मोकळा असतो आणि डोकं रिकामं असतं. तिने त्या एका हाताच्या अंगठ्याने फोनवर धोंडूकाकांना शोधायला घेतलं. आणि धोंडू तर किती निघाले! एक साताऱ्याकडचा, दोन आताच्या सिंधुदुर्गातले, एकाचं गाव बुरोंडी, एकाला गावच नाही. आधीची पोरं दगावली की पुढच्याला धोंडू म्हणायचं, दगडधोंडा म्हणून टाकून द्यायचं नाव, म्हणजे मृत्यू तिकडे वळून बघत नाही. इतक्या आयांनी इतक्या काळजीने मृत्यूला चकवायला ठेवलेली नावं, आणि ती सगळी एकाखाली एक, वय बावीस, वय एकोणीस, वय पंचवीस. पहिल्या दिवशी ते बघताना तिला पान्हा फुटला होता, वेदिका झोपलेली असताना. ब्लाउज भिजला. तिला लाज वाटली आणि कोणाची ते कळलं नाही. मग तिने त्या कचेरीला पत्र टाकलं आणि विसरून गेली. नाही, विसरली नव्हती. ती ज्या घरातून आली होती तिथे माणसं संध्याकाळी परत यायची. पोफळीच्या कॉलनीत वडील सकाळी डोंगराच्या पोटात जायचे, तिथे आत कुठेतरी पाणी कोसळून वीज व्हायची, आणि पाळी संपली की बस त्यांना परत आणून सोडायची, कपड्यांना गार दगडाचा वास घेऊन. एकदा बसला उशीर झाला होता. आईने भाकऱ्या थापायचं थांबवलं नाही. थापत राहिली, थापत राहिली, तिघांच्या घरात चौदा-पंधरा भाकऱ्या झाल्या, आणि वडील दारात येऊन म्हणाले, 'पाहुणे येणारेत का?' वाट बघण्याचा एवढाच अनुभव घेऊन ती ह्या आळीत आली होती. 'आहेत' हा शब्द तिला खरवडून बघायचा होता. खाली काय निघतं ते. आता निघालं होतं आणि नखात अडकल्यासारखं ठसठसत होतं.

कारण आज संध्याकाळी शमिका येणार होती. समोरच्या घरातली, ह्याच आळीत वाढलेली, लग्नाला वर्ष नाही झालेली; तिचा ओमकार उद्या पहाटे निघत होता, त्याच समुद्राकडे. आणि सकाळीच कुसुमबाई पोह्यांवर खोबरं घालता घालता म्हणाल्या होत्या, "आज तू लाव गो तिला कुंकू."

"मी?"

"मग? माझा माणूस घरात येऊन बसला, दिवसातनं चारदा चहा मागतो. कुंकू बाहेर असणाऱ्याच्या बायकोने लावायचं असतं. इतकी वर्षं काकीच्या नावावर मी ढकललं. आता तुझा आहे ना बोटीवर."

"कुंकवाचं तुम्ही बघा," सासरे बाहेरून म्हणाले, "चहाचं कोण बघतंय?" सासऱ्यांचं नाव दत्तात्रेय, उभी हयात जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेल्याने त्यांना अर्धंच ऐकू यायचं, पण चहा हा शब्द भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

सकाळी ऋजुता हो म्हणाली होती. तेव्हा ते सोपं होतं. कोणाच्या कपाळावर बोट टेकवायचं, त्यात काय. आता ती वेदिकाला गादीवर ठेवून तिच्याशेजारी आडवी झाली आणि छताच्या वाशांकडे बघत राहिली. बाहेर कलमांवर फवारणी चालली असावी, मोहोराच्या गोड वासात औषधाचा उग्र वास मिसळून आत येत होता. काकी विधवा होती. हे वाक्य तिने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. खोटं वाटलं. ती विधवा होती आणि तिला माहीत नव्हतं, असं म्हणून पाहिलं. मग विधवा असणं म्हणजे काय, माहीत असणं की नसणं? इटलीतल्या कुठल्या नदीकाठी मे महिन्यात एक चिता जळली, आणि त्याच मे महिन्यात मालगुंडात कमळा कदाचित फणसाची साठं वाळत घालत असेल, कपाळावर कुंकू, त्या दुपारपासून खोटं, पण कुंकवाला काय कळतं? आणि मग ते कुंकू आळीतल्या कपाळाकपाळावर गेलं. शमिकाच्या आजीच्या, आईच्या. कुसुमबाईंच्या. त्यांच्या बोटाने ऋजुताच्या. ती एकदम उठून बसली. हे काय आपण विचार करतो आहोत? आपण बी.कॉम. आहोत. विमा, बोटीचा मार्ग, कंपनीचा फोन नंबर, ह्या गोष्टींनी माणूस परत येतो. हनुवटीवरच्या कोकमाच्या वासाने येत नाही. मग सांगून टाकावं की! जाऊन म्हणावं, आई, सापडले, वारले होते, बिचाऱ्यांचं एक पान वाढत जाऊ. किती साधं. आणि ती उठली नाही. सांगितलं आणि नेमकं उद्या, परवा, तिकडून काही... ते वाक्य तिने पुरं केलं नाही. पुरं केलं असतं तर ते घडलं असतं असं नाही; पण केलं नाही. म्हणजे तिचाही विश्वास होता? की विश्वास नाही आणि तरी भीती आहे? भीतीला विश्वास लागत नाही का? वेदिकाने झोपेत सुस्कारा टाकला, म्हाताऱ्या बाईसारखा.

चहाच्या वेळी ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा तिचं ठरलं होतं, सांगायचं. कुसुमबाई पाठमोऱ्या होत्या.

"आई..."

"चार बांगडे तळून शमिकाकडे दिले धाडून. उद्यापासून एकटी पडेल, दोन दिवस चूल पेटवायची नाय ती. मी नाय पेटवली होती. काकीने कान धरून जेवायला बसवलान. म्हणे, तू उपाशी राहिलीस तर तिकडे त्याची बोट काय जोरात चालणार हाय?"

"काकी कधीच नाही रडल्या?"

"रडायची की. नारळ फोडताना करवंटी लागली की रडायची, भांडण झालं की रडायची. त्याच्यासाठी नाय." कुसुमबाईंनी चहा गाळला, मग गाळणं हातात धरून थोडं थांबल्या. "म्हणजे मी तरी नाय बघितलं."

काकीला माहीत होतं का? ऋजुताच्या मनात हे पहिल्यांदाच आलं. दारात आलेल्या माणसाच्या हातात तो कागद होता. काकीने तो वाचला नाही, तिला वाचता येत नव्हतं. पण माणसाचा चेहरा तर वाचता येतो. मग चेहरा वाचून ती म्हणाली, माझ्या देवीने उजवी दिलीय. की खरंच तिला काही दिसलं नाही? पन्नास वर्षं माहीत असणं आणि पन्नास वर्षं माहीत नसणं, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं; तोच चुडा, तेच हसणं. ऋजुताने कप उचलला आणि चटका बसला म्हणून ठेवला. सांगायचं राहून गेलं. मग तिने उलटं ठरवलं: सांगायचंच नाही. मेल पुसून टाकायची. शुभंकर घरी आला, अंगणात बॅग ठेवली, की मग कधीतरी सांगू. तोपर्यंत धोंडूकाकांनी थांबावं. इतकी वर्षं थांबले. ह्या विचाराने तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याबरोबर त्या पंचवीस वर्षांच्या पोराची दया आली, जो तिच्याहून चार वर्षांनी लहान होता. त्याला काका कसलं म्हणायचं. ज्याने कोणातरी लेखनिकाला, नाव सांग, बापाचं सांग, असं विचारल्यावर, बायकोचंही सांगितलं. कमळा. त्या लेखनिकाने ते लिहून घेतलं, आणि इतक्या वर्षांनी तिकडच्या नोंदीत त्याची ओळख एवढीच उरली, हिचा नवरा. इकडे ती त्याची बायको म्हणून राहिली, तिकडे तो तिचा नवरा म्हणून. आणि दोघांच्या मध्ये आता ही बसली होती, ऋजुता, तोंडात मिठाची गुळणी धरून.

फोन मुठीत तसाच धरून ती वेदिकाचे कपडे आणायला मागीलदारी गेली. दोरीवर दुपट्यांची रांग वाळून कडक झाली होती. ऊन माडांच्या मुळांपर्यंत उतरलं होतं आणि चिऱ्याच्या गडग्याची भिंत आतून पेटल्यासारखी लाल दिसत होती. एक दुपटं तिने काढलं, घडी घातली, दुसरं काढलं, आणि दुसऱ्याची घडी घालता येईना. टोकाला टोक जुळेना. दुपट्यात तोंड खुपसून ती रडायला लागली, आवाज न करता; कशासाठी ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पंचवीस वर्षांच्या मुलासाठी, काकीसाठी, चार दिवस न लागलेल्या फोनसाठी, पंधरा भाकऱ्यांसाठी. ओलं दुपटं नाकातोंडात जात होतं.

"ऋजुता."

कुसुमबाई न्हाणीच्या दारात उभ्या होत्या. हातात रिकामी कळशी. त्या ऋजुताकडे बघत नव्हत्या, तिच्या दुसऱ्या हातातल्या फोनकडे बघत होत्या. ऋजुताने असा चेहरा आधी कधी पाहिला नव्हता. त्यावर काहीच नव्हतं. सगळं पुसलेलं, ओहोटीच्या वाळूसारखं.

"कोणाचा आला?" त्यांनी विचारलं. आवाज साधा होता, फार साधा. "कंपनीचा आला काय?"

आणि तेव्हा ऋजुताला कळलं, त्या काय समजल्या आहेत. कळशी त्यांच्या हातातून सुटली नाही. त्यांनी ती वाकून, सावकाश, खाली ठेवली, जशी आता कुठल्याच वस्तूला धक्का लागता कामा नये.

"नाही! नाही आई, शुभंकरचं नाही!" ती धावली, त्यांचे दोन्ही दंड धरले. "त्याचं काही नाही. देवाशप्पथ. त्याचा फोनच नाही आला. धोंडूकाकांचं आहे. धोंडूकाका वारले."

बोलून गेली आणि मग ऐकलं. वाऱ्याने दोरीवरची उरलेली दुपटी हलली. कुसुमबाई श्वास घेत होत्या, एक, मग दुसरा, पोटाच्या तळापासून. त्यांचा दंड हळूहळू माणसाच्या दंडासारखा झाला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"लढाईतच. चव्वेचाळीस साली. इटलीत. मला आज कळलं. मीच विचारलं होतं त्यांना, तुम्हांला न सांगता." आता थांबता येत नव्हतं. "मी सांगणार नव्हते. आज तरी नव्हते सांगणार. तुमचा चेहरा बघून..."

कुसुमबाई न्हाणीच्या पायरीवर बसल्या. पदराने त्यांनी आधी गळा पुसला, मग तोंड.

"अग्नी मिळाला काय गो त्याला?"

"हो. दहन केलं म्हणून लिहिलंय."

"कोणी दिलान?"

"ते नाही लिहिलेलं."

"बरोबरचे असतील. आपल्याकडचे असतील कोणी." त्यांनी मान हलवली, जसं त्या कोणाचे आभार मानत होत्या. मग एकदम विचारलं, "आणि काकीचं? काकीचं काय हाय त्यात?"

ऋजुताने वाचून दाखवलं. कमळाचा पती, राहणार मालगुंड. कुसुमबाईंनी तोंडावर हात घेतला. हसल्या की काय झालं, हाताखाली दिसलं नाही. "मेल्याने तेवढ्या लढाईतसुद्धा बायकोचं नाव सांगितलान," त्या म्हणाल्या. "सांगितलान बघ." आणि लगेच उठल्या, गुडघ्यावर हात टेकून. "चल. आंघोळ करायला हवी."

"आत्ता?"

"माणूस गेल्याचं कानावर आलं ना? उशिरा कळलेल्याचं सुतक आंघोळीने फिटतं. पण आंघोळ अंगावरच्या कपड्यानिशी. पोरीलासुद्धा घाल, तिच्यापण भावकीतलाच तो. अहो!" त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "अहो, उठा! आंघोळ करा!"

"सकाळी केली की!" आतून सासरे म्हणाले.

"तुमचे धोंडूकाका गेले!"

"कोण?"

"काका! तुमचे! धोंडूकाका!"

आतलं वर्तमानपत्र सळसळलं आणि थांबलं. मग सासरे मागच्या दारात आले, चष्मा कपाळावर. त्यांनी बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि त्यांना ऐकू आलं होतं की नव्हतं कोण जाणे, त्यांनी काही न विचारता चष्मा काढून खिडकीत ठेवला.

विहिरीचं पाणी संध्याकाळचं कोमट होतं. कुसुमबाईंनी पहिली कळशी स्वतःच्या डोक्यावर ओतली, नऊवारीच्या निऱ्या फुगल्या आणि बसल्या, दुसरी ऋजुताच्या. कानांत पाणी गेलं, कपाळावरून डोळ्यांत उतरलं, आणि क्षणभर तिला काही दिसेना, नुसता लाल उजेड. ऐंशी वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं दुःख कसं करायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. पण अंगाला चिकटलेला गार कुडता काहीतरी करत होता, तिच्या वतीने. सासरे काठाला उभे राहून, सदऱ्यासकट, तांब्यामागून तांब्या घेत होते आणि दर तांब्याला ओठ हलवत होते. तिने वेदिकाला झबल्यासकट मांडीवर घेतली. पाणी पडताच वेदिकाने श्वास आत ओढला, रडावं का हसावं ह्याचा विचार केला, आणि खिदळली. कोणी तिला गप्प केलं नाही.

त्यांना पुढच्या दाराची कडी ऐकू आली नाही. शमिका घरातून आरपार मागे आली, नवी साडी, केसांत आबोली, आणि दारातच थांबली. तीन माणसं आणि एक मूल, नखशिखांत निथळत.

"अगं बाई. कुसुमकाकी, काय झालं? पाइप फुटला?"

"सुतक होतं गो," कुसुमबाई केस पिळत म्हणाल्या. "ह्यांचे काका गेले."

"कुठले? मुंबईचे?"

"धोंडूकाका."

शमिका आधी समजली नाही, मग समजली. कमळाकाकीचा नवरा. ऋजुताने ते तिच्या चेहऱ्यावर उमटताना पाहिलं. भुवया, मग ओठ, मग हात आपोआप कपाळाकडे गेला आणि मध्येच थांबला. "कधी गेले?" तिने हळूच विचारलं, आणि कुसुमबाईंनी काही न लपवता सांगितलं, लढाईतच, तेव्हाच. ऋजुताला वाटलं, धावत जाऊन ह्या मुलीच्या कानांवर हात ठेवावेत. उद्या पहाटे हिचा माणूस निघणार. आज कशाला. पण शब्द गेले होते. शमिका पायरीवर उभी होती, पुढे येईना, मागे जाईना. गडग्यापलीकडे कोणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"म्हणजे कमळाकाकी लावायच्या तेव्हा..." शमिका म्हणाली.

"हां."

"आमच्या आजीला त्यांनीच लावलं. आईला पण पहिल्या वेळेला त्यांनीच."

"हां. मग पुढे मी."

"आजोबा तर सगळ्या सफरी करून आले. बाबा पण आले." ती कसला तरी हिशेब करत होती आणि तो लागत नव्हता, किंवा लागत होता आणि तिचा त्यावर विश्वास बसत नव्हता. तिने ऋजुताकडे पाहिलं. ऋजुताने नुसतं पाहिलं, ओल्या पापण्यांतून, जशी एक बाई दुसरीकडे दवाखान्याच्या बाकावर बघते. मग शमिकाने साडीचा काठ वर धरला, ओल्या फरशीवरून चवड्यांवर चालत आली, आणि ऋजुतासमोर पाटाशिवायच खाली बसली.

"लाव वहिनी. पण लवकर लाव हां, कुकर ठेवून आलेय."

कुसुमबाई आत गेल्या आणि करंडा घेऊन आल्या. वेदिका त्यांच्या कमरेवर गेली. ऋजुताने बोट करंड्यात घातलं. बोट ओलं होतं, कुंकवाचा गोळाच वर आला. तिला काही म्हणायचं असेल असं वाटून शमिका डोळे मिटून थांबली होती. आबोलीचा एक कळा सुटून कानावर लोंबत होता. काय म्हणायचं असतं? ऋजुताला कोणी सांगितलं नव्हतं. सुखरूप येवो म्हणावं तर ते आपण कोण सांगणार, आणि न म्हणावं तर एवढी ही बसली कशाला आहे. तिने शमिकाची हनुवटी धरून तोंड वर केलं. हनुवटी गरम होती.

"ओमकारला उलट्या होतात ना बोटीवर?" तिने विचारलं.

शमिकाने एक डोळा उघडला. "पहिले तीन दिवस. तुला कोणी सांगितलं?"

"शुभंकरला पण होतात. सुकलेली आमसुलं दे बरोबर. पिशवीत तळाला नको, वरच दे. त्यांना शोधायचा कंटाळा असतो."

"दिली नाहीत गो मी," शमिका म्हणाली, आणि तिचा उघडा डोळा भरून आला. "आमसुलं राहिलीच."

"आमची ने," ऋजुता म्हणाली आणि बोट टेकवलं. कुंकू वाकडं लागलं.